साताऱ्यातला ‘ता’ गिळायचा

ऑर्केस्ट्राच्या टेम्पोत वायरी असतात ना, तसे किस्से असतात. कार्यक्रम संपला की प्रत्येक वायर नीट गुंडाळून ठेवली असं सगळेच शपथेवर सांगतात, आणि पुढच्या गावात टेम्पो उघडला की एकच मोठा गुंता बाहेर पडतो. एक ओढायला जावं तर तिच्या मागून चार येतात. परवा मिरजेत चहाच्या गाड्यावर कुणीतरी सहज विचारलं, “काय रे ओंक्या, ते इंग्लिश गाणं बसलं का शेवटी?” मी एक वायर ओढली. विचारणाऱ्याचा चहा गार झाला, बिचारा अजून माझ्यासमोर बाकावर बसलाय असं मला वाटतं.

तर ते गाणं. नाव सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही लगेच मोबाइलवर काढणार, मूळ ड्रमर ऐकणार आणि माझ्याकडं बघून तोंड वाकडं करणार. तेवढ्या कामाला माझ्या घरची आणि ऑर्केस्ट्रातली वडीलधारी माणसं पुरेशी आहेत.

*

आधी घरचं.

इंजिनिअरिंग मी तिसऱ्या वर्षाला सोडलं. सर त्यांच्या जुन्या नोट्स बघून फळ्यावर उतरवत होते, आम्ही फळा बघून वहीत उतरवत होतो. एक दिवस वाटलं, ह्या साखळीतली दोन-चार माणसं काढून टाकली तरी काही बिघडणार नाही. मी माझ्यापासून सुरुवात केली.

माझे वडील, तात्या, फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झाले. आमचं गाव माण तालुक्यातलं, म्हसवडच्या अलीकडं. पण पोराच्या शिक्षणासाठी म्हणून तात्यांनी सांगलीत फ्लॅट घेतला. ज्यासाठी घेतला ते मी सोडलं, त्यामुळं आता नुसता फ्लॅट आहे.

“मग काय करनार?” तात्यांनी विचारलं.

“ड्रम वाजवणार. ऑर्केस्ट्रात.”

तात्या गप्प बसले. फौजी माणूस गप्प बसला की समजायचं, आत तोफ भरणं चाललंय.

“पलटणीत बी ड्रम असतो,” ते म्हणाले. “पर तो वाजला की मानसं सरळ चालत्यात. तुमचा वाजला की वाकडी नाचत्यात.”

मी म्हटलं, वाकडं नाचायला पण अक्कल लागते. ह्यावर जे झालं ते लिहीत नाही. शेवटी निकाल लागला तो असा: “गावच्या जत्रंपतोर काय वाजवायचं ते वाजीव. तवर तुझं एक काम तरी धड झाल्यालं मला दिसू दे. न्हाई दिसलं तर साखर कारखाना. काट्यावर चिकटवायचं बोलनं झालंय माझं.”

काटा म्हणजे उसाच्या गाड्यांचं वजन करतात ती जागा. गाडी येणार, थांबणार, वजन होणार, जाणार. मग दुसरी गाडी येणार. केस पांढरे होईपर्यंत.

मी आईकडं बघितलं. म्हटलं, तू तरी काहीतरी बोल.

आई म्हणाली, “काट्यावर सावली असती रं.”

*

ऑर्केस्ट्राचे मालक अण्णा. साठी उलटलेली, केस काळेभोर, भुवया पांढऱ्या. रंग भुवयांपर्यंत पुरत नाही की कुणी सांगायचं धाडस करत नाही, कोण जाणे. अण्णा की-बोर्ड वाजवतात आणि उरलेल्या वेळात आम्हाला वाजवतात.

गिटारवर जमीर. मिरजेचा, माझ्याच वयाचा. त्याच्या घरात तंबोरे आणि सतारी बनवायचा धंदा आहे, आणि ह्यानं गळ्यात गिटार घातली. त्याचे अब्बा आजही पाहुण्यांना सांगतात, “आमचा जमीर सतारच वाजवतो. जरा लहान आहे एवढंच.”

ह्या जमीरनं एकदा गच्चीवर बसून त्या इंग्लिश गाण्याचा सुरुवातीचा तुकडा वाजवला आणि रील टाकलं. मागचा ड्रम मोबाइलच्या ॲपमधला. ते रील फिरत फिरत मुंबईत गेलं, आणि मुंबईत आमच्या गावची सगळी तरणी पोरं. जत्रेतल्या ऑर्केस्ट्राचा खर्च दरवर्षी हे मुंबईकर मंडळ करतं. म्हणजे गाणी पण त्यांच्याच पसंतीची.

मंडळाच्या अध्यक्षाचा अण्णांना फोन आला. अण्णांनी स्पीकर लावला, आमच्यावर छाप पडावी म्हणून.

“अण्णा, ह्या वर्षी ते रीलवालं गाणं पूर्ण पाहिजे. जमत नसंल तर सांगा, डीजे ठरवतो.”

“आवं काय बोलताय!” अण्णा म्हणाले. “रोजचं गानं हाय ते आमचं! झोपंत वाजीवतो!”

फोन ठेवला. दोन मिनिटं पंख्याकडं बघितलं.

“जमीर, कंचं गानं रं ते?”

*

तालमीच्या पहिल्याच दिवशी कळलं की गाण्याची सगळी मेख ड्रममध्ये आहे. त्या ठेक्याला शफल म्हणतात. म्हणजे काय ते एकदाच सांगतो, परत विचारायचं नाही.

साधा ठेका म्हणजे एक-दोन, एक-दोन. तात्यांची परेड. शफलमध्ये प्रत्येक मात्रेचे तीन तुकडे करायचे. पहिला वाजवायचा, मधला गिळायचा, तिसरा वाजवायचा. पण मधला गिळायचा म्हणजे विसरायचा नाही! त्याची जागा मोकळी ठेवायची. जागा कमी दिली की गाणं पळत सुटतं, जास्त दिली की तिथंच आडवं होतं. जेवताना पंगतीत न आलेल्या माणसाचं पान मांडून ठेवावं, तसं.

अण्णा लगेच म्हणाले, “म्हंजे दादरा की! त्यात काय शिकायचंय?”

आणि त्यांनी की-बोर्डवर तिन्ही मात्रा भरघोस वाजवायला सुरुवात केली. रॉक गाण्याचं बघता बघता भजन झालं. जमीरनं गिटार खाली ठेवली, डोळे मिटून हात जोडले आणि विचारलं, “अण्णा, प्रसाद कधी?”

मग माझी पाळी. माझ्या हातांना वर्षानुवर्षं गणपतीची आणि हळदीची सवय. दोन ठोके बरे वाजायचे, तिसऱ्याला हात आपोआप सरळ रस्त्याला लागायचे. बैलाला घराची वाट दाखवावी लागत नाही, तसं झालं होतं.

“हे लंगडतंय रं,” अण्णा म्हणाले. “आपल्या ऑर्केस्ट्रात लंगडं काय चालायचं न्हाई.”

“अण्णा, ते लंगडायलाच पाहिजे!”

“मग नीट लंगड की!”

वर त्यांनी की-बोर्डवरचं एक बटण दाबलं. खणखणीत शफल बाहेर पडला, इस्त्री केल्यासारखा. अण्णा हसले. “हे बग. ह्याला चहा लागत न्हाई, हे उलटं बोलत न्हाई आन् कॉलेज सोडत न्हाई. जत्रंपतोर तुझं बसलं तर बस. न्हाईतर बटन.”

लोकांना दुश्मन म्हणून निदान माणूस मिळतो. मला बटण मिळालं.

*

घरात ड्रमसेट नाही. उशी, रबरी पॅड आणि पायाखाली रिकामा पुठ्ठ्याचा खोका. आवाज फार नाही, पण दुपारची वेळ आणि आमची पातळ भिंत. खालच्या मजल्यावर एक रिटायर्ड हेडमास्तर राहतात. चौथ्या दिवशी ते वर आले.

मी आधीच हत्यार काढलं. “काका, दुपारी वाजवायला बंदी नाही.”

“आवाजाचं काही नाही रे,” काका म्हणाले. डोळे लाल. “आवाजाची सवय आहे मला, शाळेत जन्म गेला. तू अडखळतोस. पुढचा ठोका कधी पडणार याची वाट बघत मी पडून असतो. पडत नाही. पडत नाही. डोळा लागला की नेमका पडतो!”

“शिकतोय, काका.”

“शिक. शिकून झालं की सांग. तोवर मी साताऱ्याला मुलीकडे जातो.”

मला वाटलं, टोमणा असेल. खरंच गेले! आठ-दहा दिवसांनी खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला आणि त्यामागून हाक आली, “ओंकार! बसलं का रे?”

मी खिडकीतून डोकं काढलं. काका पिशवी मांडीवर घेऊन रिक्षातच बसलेले.

“नाही, काका!”

काकांनी रिक्षावाल्याच्या खांद्यावर टकटक केलं. “फिरव. स्टँड.”

*

जमीरला दया आली. म्हणाला, “मोजत बसू नको, बोल. मिरज म्हण. मि-र-ज. आता ‘र’ गिळ.”

मि… ज. मि… ज.

आयला! बरोबर शफल.

“तुझं गाव माणमधलं, तू सातारा म्हण,” जमीर म्हणाला. “सगळीकडं आकार आहे, तोंड मोकळं राहतं. सा-ता-रा. ‘ता’ गिळायचा.”

सा… रा. सा… रा. मी झपाटल्यासारखा तेच म्हणत फिरायला लागलो. बाथरूममध्ये सा… रा. भाजी आणताना सा… रा. त्याच आठवड्यात अण्णांनी झांजेचा स्टँड आणायला साताऱ्याला पिटाळलं. एसटीत मी मांडीवर हात चालवत, डोळे मिटून, गाण्याच्या मधल्या अवघड जागी पोचलेलो, आणि कंडक्टर आला.

“कुठं?”

ठेका तोडवेना. “सा… रा.”

“कुठं?”

“सा… रा.”

“आदी तो मावा थुक बाहेर,” कंडक्टर म्हणाला. “मग बोल.”

“मावा नाही हो.”

“मग तोंडात काय धरलंयस?”

“‘ता’.”

कंडक्टरनं माझ्याकडं बघितलं. शेजारच्या आजोबांकडं बघितलं. मशीनमधून तिकीट काढलं, माझ्या हातावर ठेवलं आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, “इंजिनिअरिंगचं दिसतंय!”

एवढ्या वर्षांत मला इंजिनिअर म्हणणारा तो पहिला माणूस.

*

हात थोडे वळायला लागले होते. तेवढ्यात एका साहेबांचा वाढदिवस आला. कसले साहेब ते विचारू नका. आमच्या भागात ज्याच्या गाडीला पुढं-मागं गाड्या असतात तो साहेब.

स्टेजसमोर सोफ्यावर साहेब, सोफ्याच्या मागं खुर्च्यांवर साहेबांची माणसं, खुर्च्यांच्या मागं उभी साहेबांची होणारी माणसं. मी जमीरला डोळा मारला. वाढदिवसाचंच गाणं, पण शफलमध्ये. प्रॅक्टिस तरी होईल. जमीर खूष. सुरुवात झाली आणि देवाशपथ सांगतो, बसलं! पहिल्यांदा बसलं. सा… रा, सा… रा, गाणं पाळण्यासारखं झुलायला लागलं.

आणि साहेबांनी टाळ्या धरल्या.

साहेबांची टाळी सरळ. एक-दोन, एक-दोन, खिळे ठोकल्यासारखी. साहेबांनी धरली म्हटल्यावर खुर्च्यांनी धरली. खुर्च्यांनी धरली म्हटल्यावर उभ्यांनी धरली. अख्ख्या मंगल कार्यालयात एकच टाळी, आणि मी एकटा तिच्या उलटा. माझा ठेका काय नि आवाज काय, गर्दीत चप्पल हरवावी तसा हरवला.

अण्णा की-बोर्डवरून वाकले. “सरळ कर!”

“अण्णा, मी बरोबर आहे! टाळी चुकतेय!”

अण्णांचा चेहरा पांढरा पडला. भुवयांना मॅच झाला. “गाढवा,” ते दातावर दात ठेवून म्हणाले, “सायबांची टाळी चुकत नसती!”

मी सरळ केलं. नंतर साहेबांनी स्वतः स्टेजवर येऊन माझी पाठ थोपटली. “सुरवातीला जरा गडबडलास. पर मी संबाळून घेतलं.”

*

जत्रेच्या दोनेक महिने आधी तात्यांचा गुडघा गेला. म्हणजे आधीच गेलेला, फक्त तात्या मान्य करत नव्हते. मिरजेला दवाखान्यात बदलून घेतला. आई गावाकडं शेताचं बघायला, त्यामुळं डबा, औषधं, भांडं, सगळं माझ्याकडं. दिवसा दवाखाना, संध्याकाळी तालीम. थकवा इतका, की दोन्हीकडं शिव्या खाताना कुठली शिवी कुणाची हे कळेनासं झालेलं.

ऑपरेशननंतर चालायला शिकवायला एक फिजिओथेरपीच्या मॅडम आल्या. माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या असतील. वॉकर तात्यांच्या पुढं ठेवला.

“काका, आधी वॉकर. मग दुखरा पाय. मग चांगला पाय. वॉकर, दुखरा, चांगला. तीन मोजायचे.”

“तीन कसं?” तात्या म्हणाले. “पायं दोनच हायती.”

“तरी तीन.”

“लेफ्ट-राइट असतंय ते, मॅडम. सगळी नोकरी त्याच्यावर काढली म्या.”

“ती फौज होती काका. हा गुडघा आहे.”

तात्यांना आयुष्यात असं कुणी बोललं नव्हतं. सुभेदारानं हनुवटी वर केली आणि हुकूम मोडून लेफ्ट-राइट सुरू केलं. दुसऱ्याच पावलाला वॉकर पायात आला. मी धरलं नसतं तर गुडघा परत बदलावा लागला असता.

“सोड!” तात्या माझ्यावरच ओरडले. “म्या काय पडत नव्हतो!”

मग मात्र मुकाट्यानं तीन मोजले. पुढं वॉकर सुटला, काठी आली. मॅडम रोज सांगायच्या, काठी आणि दुखरा पाय बरोबर टाका. पण वॉकरची सवय लागलेली. काठी आधी, जोरात. मग दुखरा पाय, इतका हलका की फरशीलासुद्धा कळू नये. मग चांगला पाय, सगळा भार टाकून.

ठक्. काही नाही. धप्.

ठक्. काही नाही. धप्.

मी बाकावर बसलो होतो, मांडीवर रिकामा डबा. बोटं कधी झाकणावर चालायला लागली कळलंच नाही.

तात्या कॉरिडॉरच्या मध्यावर थांबले. “थांबीव ते.”

“तुमी थांबा मग,” मी म्हणालो.

शेजारच्या बाकावरचा एक म्हातारा, स्वतःच्या बायकोला बघायला आलेला, माझ्या अंगावर आला. “बापाशी असं बोलत्यात व्हय रं?”

मी म्हटलं, “आजोबा, तुमी तुमच्या पेशंटचं बघा.”

तात्यांनी काठी पुढं टाकली. आणि मग थांबले नाहीत. कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेले, खिडकीला काठी लावून दम खाल्ला आणि तसेच परत आले.

*

त्या संध्याकाळी तालमीत गाणं बसलं. पूर्ण, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. जमीर वाजवता वाजवता माझ्याकडं वळला आणि वळलेलाच राहिला. दुसऱ्या दिवशी परत बसलं. त्याच्या पुढच्या दिवशी परत.

अण्णा म्हणाले, “बरं वाजलं.”

मी वाट बघितली.

“पर जत्रंत बरं चालत न्हाई. बटन लावू.”

“अण्णा, तुम्हीच म्हणाला होता, बसलं तर बस!”

“बसलंय की! न्हाई कोन म्हनतंय? म्हनून तर तुला मागं बसवनार हाय. हात हालव, मान हालव. लोकास्नी ड्रमर दिसला पायजे. आवाज बटनाचा.”

“माझ्याच गावात? मी खोटं वाजवू?”

“तुझ्याच गावात म्हनून तर! तुझा बाप म्होरं बसनार. पोरगं थरथरलं न् चुकलं तर नाव कुनाचं जातंय? माजं!”

आमच्या लाइनीत ह्याला कुणी फसवणूक म्हणत नाही, सांभाळून घेणं म्हणतात. जत्रेच्या दिवशी अण्णांनी स्वतः टॉवेल आणले आणि माझ्या प्रत्येक ड्रमवर, झांजेवर, पायानं वाजवायच्या किक-ड्रमच्या तोंडावर नीट अंथरले. सगळे कोरे. आजवरच्या सत्कारांत टॉवेल-टोपीत मिळालेले. पोराच्या तोंडावर हात ठेवावा तसं करून मला म्हणाले, “आता मोकळ्या मनानं वाजीव.”

*

आमच्या गावात सत्कार हा आजार आहे. सरपंचांचा होतो, उपसरपंचांचा होतो, मांडववाल्याचा होतो. सत्कार करणाऱ्याचा पण होतो, कारण त्यानं वेळात वेळ काढून सत्कार केला. गाणं मधे तोडून माणूस वर बोलवायचा आणि तो पायऱ्या चढून येईपर्यंत ड्रमचा गडगडाट द्यायचा, ही पद्धत. तो गडगडाट पण त्या दिवशी बटणातूनच निघत होता. मी मागं बसून टॉवेल बडवत होतो, कपडे धुवायला बसल्यासारखा.

दिवे लागले, मैदान भरलं. पहिल्या रांगेत कडक इस्त्रीच्या सदऱ्यात तात्या, शेजारी आई. आदल्याच दिवशी तात्यांनी कारखान्यावरच्या माणसाला फोन करून सांगितलं होतं, सोमवारी पोरगं घेऊन येतो म्हणून. मी दाराआडून ऐकलं होतं.

ते गाणं सुरू झालं. मुंबईकर मंडळ खुर्च्यांवर चढलं. माझ्या शाळेतली पोरं मोबाइल वर करून माझं शूटिंग करत होती. “ओंक्या, लय भारी! तोडलंस गड्या!” मी मान हलवत होतो. बटण वाजत होतं. असली शरम मला कॉलेज सोडलं तेव्हा पण वाटली नव्हती.

गाणं ऐन रंगात आलं आणि सूत्रसंचालक गुरुजींनी माईक घेतला. “थांबवा, थांबवा! गाणं थांबवा! एक सत्कार राहिला!”

मुंबईकर बोंबलले. अण्णांनी बटण बंद केलं.

“आपल्या गावची शान! देशासाठी आयुष्य वेचणारे! आपले सुभेदार तात्या!”

तात्या उठले. दोन पोरं हात धरायला धावली, तात्यांनी काठी उगारली तशी पळाली. गुरुजी माईक हातात खाली धरून पायऱ्यांच्या वरच उभे. माईक चालू. पायऱ्या लाकडी, आतून पोकळ.

ठक्.

काही नाही.

धप्.

सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. ठक्. काही नाही. धप्. अण्णांचा हात गडगडाटाच्या बटणाकडं निघाला.

मी टॉवेल ओढून फेकले.

काठी टेकली, झांज. पाय पडला, किक. मधलं काही नाही. काठी, झांज. पाय, किक.

शूटिंग करणारे मोबाइल खाली आले. हसायचं की नाही, कुणालाच कळेना. आईनं पदर तोंडाला लावला. सरपंच खुर्चीतून अर्धे उठले. अण्णा ओठ न हलवता म्हणाले, “बापाच्या पायाची चेष्टा करतुयास? गावासमोर? थांबीव!”

तात्या मधल्या पायरीवर थांबले.

मी थांबलो.

त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. काठी उचलली. ठेवली. मी झांज वाजवली. मग चांगला पाय उचलला आणि हवेतच धरून ठेवला, नुकत्याच बदललेल्या गुडघ्यावर सगळा भार घेऊन. माझा पाय पेडलवर तसाच अधांतरी. सगळं गाव बघत होतं.

पाय खाली आला. धप्.

तात्या पुन्हा चालायला लागले. जमीरनं हळूच गाण्याची तार धरली. अण्णांनी घाईघाईनं त्यांचा शफल लावून बघितला, पण बटणाला तात्यांची चाल माहीत नव्हती. त्यांनी ते बंद केलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

तात्या स्टेजच्या मधोमध आले. शाल झाली, नारळ झाला, टॉवेल-टोपी झाली. गुरुजींनी माईक पुढं केला. “तात्या, गावाला दोन शब्द सांगा.”

तात्यांच्या हातात माईक आला की पहिल्या पोस्टिंगपासून सुरुवात होते, हे सगळ्यांना ठाऊक. मुंबईकर कंटाळून खाली बसले. तात्यांनी माईक घेतला, गावाकडं पाठ केली आणि माझ्याकडं तोंड करून उभे राहिले.  माईकमधून नुसता त्यांना लागलेला दम ऐकू येत होता.

“उतरताना बी वाजीव,” ते म्हणाले. “पर जरा हळू.”